फोन बदलला, विद्यार्थी तोच

दसरा-दिवाळीत घराघरांत नवे फोन येतात, जुने एक्स्चेंजमध्ये जातात आणि सुट्टी संपून वर्ग भरले की एक ठरावीक तक्रार सुरू होते. सिम तेच, नंबर तोच, पासवर्ड पाठ, तरी शाळेचे खाते उघडत नाही. नव्या फोनमध्ये व्हॉट्सॲप आले, फोटो आले, म्हणजे सगळेच आले असा समज असतो. ऑथेंटिकेटर ॲपच्या बाबतीत तो नेमका फसतो. खात्याला दुसरी पडताळणी जोडताना आपण जो क्यूआर कोड स्कॅन करतो, त्यात एक गुप्त संकेत असतो. त्याची एक प्रत सर्व्हरकडे राहते, दुसरी फोनमध्ये. दोन्हीकडे तो संकेत आणि घड्याळातली वेळ यांच्या गणितातून दर 30 सेकंदांनी नवा 6 आकडी कोड निघतो. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या आरएफसी 6238 या मानकात ही रीत दिलेली आहे. त्यात सिमचा संबंध नाही, इंटरनेटचाही नाही. त्यामुळे नंबर नव्या फोनमध्ये गेला तरी तो संकेत जुन्या फोनमध्येच राहतो, आणि फोन विकण्याआधी रिसेट केला की कायमचा पुसला जातो. गूगलच्या ऑथेंटिकेटरमध्ये हे संकेत ऑनलाइन जपण्याची सोय 2023 साली आली, पण तीही चालू ठेवलेली असेल तरच उपयोगी.

अशा वेळी पालक आधी कंपनीचे दार ठोठावतात. तिथून उत्तर येते की तुमच्या संस्थेच्या ॲडमिनशी बोला. हे उत्तर टोलवाटोलवीचे वाटते, पण ते बरोबर आहे. शाळेने दिलेले खाते शाळेच्या डोमेनवरचे असते, त्याचा कारभार शाळेकडे असतो. गूगलच्या व्यवस्थेत ॲडमिन त्या विद्यार्थ्यासाठी एकदाच चालणारे बॅकअप कोड काढून देऊ शकतो; मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत ठरावीक वेळापुरता तात्पुरता पास देता येतो. काम काही मिनिटांचे आहे. अडते ते दुसरीकडेच: समोरचा मुलगा तोच आहे हे कोणी आणि कशावरून ठरवायचे, याचा नियम बहुतेक शाळांनी केलेलाच नसतो. माझे म्हणणे असे की हे ठरवण्याची जबाबदारी शाळेची आहे, आणि ती पार पाडायला शाळेइतकी योग्य जागा दुसरी नाही.

दुरून ओळख पटवण्याच्या रीती किती कच्च्या आहेत, याचे पुरावे भरपूर आहेत. गूगलच्या संशोधकांनी 2015 साली सुरक्षाप्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘आवडता खाद्यपदार्थ कोणता?’ या प्रश्नाचे इंग्रजी भाषकांनी दिलेले उत्तर एकाच प्रयत्नात ओळखण्याची शक्यता 19.7 टक्के निघाली. उलट अमेरिकेतल्या इंग्रजी भाषकांपैकी 40 टक्के लोकांना गरजेच्या वेळी स्वतःचीच उत्तरे आठवली नाहीत. म्हणजे चोराला सोपे आणि मालकाला अवघड. मॅट होनन या अमेरिकी पत्रकाराचे खाते 2012 साली कोणी पासवर्ड फोडून घेतले नव्हते; कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि पत्ता सांगून कंपनीच्या फोनवरच्या मदतनीसाकडून ते मिळवले होते. एसएमएसवर विसंबावे तर बंद पडलेला नंबर भारतात 90 दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला दिला जाऊ शकतो. शिवाय शाळेच्या खात्याला जोडलेला नंबर बहुधा वडिलांचा असतो, ते कामासाठी परगावी असतात, किंवा एकाच नंबरावर तीन भावंडांची खाती असतात.

शाळेची गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे जनरल रजिस्टर आहे, हजेरीपट आहे, आणि मुलाला रोज पाहणारे वर्गशिक्षक आहेत. तिने दिलेला शाळा सोडल्याचा दाखला सरकारी कामांत जन्मतारखेचा पुरावा म्हणून वर्षानुवर्षे चालत आला आहे. जिच्या शब्दावर इतके अवलंबून असते, त्या शाळेने ‘हा माझा सातवी ब मधला विद्यार्थी’ एवढे सांगून खाते उघडून द्यायला कचरण्याचे कारण नाही. मुलाने वर्गशिक्षकांसमोर उभे राहावे, त्यांनी सही करावी, ॲडमिनने कोड त्याच्याच हातात द्यावा आणि वहीत तारीख लिहावी. जगातली मोठी कंपनी लाखो ग्राहकांसाठी हे करू शकत नाही. साठ मुलांच्या वर्गाला ते सहज जमते.

यावर पहिली हरकत अशी की ॲडमिनच्या हाती एवढी ताकद धोक्याची आहे. ती खरी आहे, आणि किशोरवयीन मुलींच्या खात्यांबाबत तर ती गांभीर्यानेच घ्यायला हवी. पण ही ताकद ॲडमिनकडे आजही आहे, फक्त तिच्यावर नजर नाही. ओळख एकाने पटवावी, कोड दुसऱ्याने काढावा, आणि घरी त्याच दिवशी कळवावे. दुसरे लोक म्हणतात, मग ही दुसरी पडताळणीच काढून टाका. तिच्यामुळे खात्यांवरचे 99.9 टक्के हल्ले थोपतात, असे मायक्रोसॉफ्टने 2019 साली म्हटले होते. आकडा कंपनीचा म्हणून त्यातला थोडा वजा केला तरी मुद्दा उरतो, कारण एकच पासवर्ड दहा ठिकाणी वापरण्याची सवय मोडलेली नाही. लहान वर्गांना मात्र ही पडताळणी सक्तीची करू नये, असे मलाही वाटते. ज्या मुलाकडे स्वतःचा फोन नाही, त्याला फोनच्या अटीत अडकवणे अन्यायाचे आहे. तिसरी अडचण परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांची. जर्मनीत पोचून भारतीय सिम बंद झाले की महाविद्यालयाच्या खिडकीशी उभे राहणे शक्य नाही. तिथे व्हिडिओ कॉल, ओळखपत्र आणि त्याला शिकवलेल्या प्राध्यापकांची खात्री, असे तिन्ही मागावे. वेळ लागेल, पण फोनवर जन्मतारीख विचारून कोड देण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

एक गोष्ट शाळा हटकून विसरतात. मुख्य ॲडमिन एकच असतो, बहुधा संगणकाचे शिक्षक, आणि त्यांचा फोन बिघडला किंवा बदली झाली की सगळी शाळाच बाहेर अडकते. असे दोन ॲडमिन असावेत, आणि त्यांचे छापलेले बॅकअप कोड मुख्याध्यापकांच्या कपाटात बंद पाकिटात ठेवावेत. विद्यार्थ्याला खाते परत मिळाले की त्याच बैठकीत जुन्या फोनची नोंद काढावी, सर्व ठिकाणचे लॉगिन बंद करावे आणि नवा क्यूआर कोड तिथेच स्कॅन करून घ्यावा. एक्स्चेंजमध्ये गेलेला फोन रिसेट झाला होता की नाही, हे नक्की सांगणारे त्या वेळी घरात कोणी नसते.