अब्राहामाचा विश्वास आणि मृतांचे पुनरुत्थान

ख्रिस्ती धर्मविचारात तारण आणि मरणोत्तर जीवन ही दोन प्रकरणे बहुधा वेगवेगळी मांडली जातात. पहिल्यात माणूस पापाच्या सत्तेतून आणि दंडातून कसा सुटतो याची चर्चा असते, दुसऱ्यात मृत्यूनंतर त्याचे काय होते याची. आणि या मांडणीमुळे वाचकाची अशी समजूत होते की, विश्वास हे एक साधन असून स्वर्ग हे त्या साधनाचे फळ आहे. संत पौलाचे रोमकरांस पत्र, जे इसवी सन ५७ च्या सुमारास लिहिले गेले असे बहुतेक अभ्यासक मानतात, ते लक्ष देऊन वाचले तर ही समजूत टिकत नाही. त्या पत्राच्या चौथ्या अध्यायात पौल विश्वासाचा नमुना म्हणून अब्राहामाला पुढे करतो. अब्राहामाचे वय शंभरीच्या घरात, सारा वांझ आणि वृद्ध. संततीचे जे वचन मिळाले आहे ते खरे ठरावे असे दोघांच्याही देहात काही उरलेले नाही. अशा अवस्थेत अब्राहाम ज्या देवावर भरवसा ठेवतो, त्याची ओळख पौल मेलेल्यांना जिवंत करणारा देव अशी करून देतो, आणि अध्याय संपवताना त्याच देवाने येशूला मेलेल्यांतून उठवले या घोषणेपाशी येऊन थांबतो. म्हणजे ज्याच्यापाशी स्वतःचे म्हणावे असे काहीच नाही त्याला नीतिमान ठरवणे आणि ज्याच्यात जीव उरलेला नाही त्याला उठवणे, ही पौलाच्या लेखी एकाच देवाची एकाच जातीची कृती आहे.

‘नीतिमान ठरणे’ ही संज्ञा न्यायालयातून आलेली आहे. देवाच्या न्यायासनासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने निर्णय लागणे, असा तिचा अर्थ. आणि हा निर्णय त्याच्या चांगुलपणाची तपासणी करून लागत नाही, तर येशूच्या मरणात आणि पुनरुत्थानात देवाने जे केले त्यावर विसंबल्यामुळे लागतो, असे पौलाचे म्हणणे आहे. राबणाऱ्याला मिळते ती मजुरी, तो त्याचा हक्क असतो. न राबता मिळते ती देणगी. या देणगीलाच ख्रिस्ती परिभाषेत ‘कृपा’ म्हणतात. येथे विश्वास म्हणजे काही विधाने खरी मानणे एवढेच अभिप्रेत नाही. देणाऱ्यापुढे रिकामा हात पसरणे आणि तो रिकामा आहे हे न लपवणे, हा त्याचा गाभा आहे.

हा विचार सोळाव्या शतकात युरोपात पेटून उठला, त्यामागे एका साधूची अस्वस्थता होती. मार्टिन लूथर विटेनबर्ग येथे बायबलचे अध्यापन करीत होता आणि रोमकरांस पत्रातील देवाच्या नीतिमत्त्वाविषयीचे वचन त्याला छळत होते, कारण ते नीतिमत्त्व म्हणजे पाप्याला शासन करणारा न्याय, असेच तो समजत आला होता. त्याच शब्दांचा अर्थ देव माणसाला बहाल करतो ते नीतिमत्त्व असा आहे, हे उमगल्यावर आपल्याला जणू नवा जन्म मिळाला, असे त्याने १५४५ साली आपल्या लॅटिन ग्रंथांच्या प्रस्तावनेत नमूद केले. १५१७ मध्ये त्याने ज्या क्षमापत्रांविरुद्ध पंच्याण्णव विधाने मांडली, त्यांचा व्यवहार मृतांशीही जोडलेला होता : मृत्यूनंतर आत्म्याची शुद्धी होते त्या अवस्थेतील, म्हणजे पर्गेटरीतील, आप्तांचा क्लेशकाळ पैसे भरून कमी करता येतो, असा प्रचार चालू होता. तारणाचा प्रश्न आणि परलोकाचा प्रश्न किती जवळ आहेत, हे या वादाच्या पहिल्याच दिवसापासून उघड होते.

ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने १५४७ साली दिलेले उत्तर अनेकदा विपर्यस्त स्वरूपात सांगितले जाते. माणूस आपल्या कर्मांच्या बळावर तरतो, असे त्या सभेने कधीही म्हटले नाही. आरंभ कृपेचाच, विश्वास हे तारणाचे मूळ. मात्र कृपेने जागी झालेली इच्छाशक्ती तिला साथ देते आणि प्रेमाने जिवंत असलेला विश्वासच तारक ठरतो, असे तिचे प्रतिपादन होते. याकोबाच्या पत्रात कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे असा जो इशारा आहे, त्याचा आधार या बाजूला होता. भारतीय वाचकाला हा पेच अपरिचित नाही. श्रीवैष्णव परंपरेत नेमक्या याच प्रश्नावर दोन पक्ष पडले : माकडाचे पिल्लू आईला स्वतः बिलगून राहते, तर मांजरीचे पिल्लू काहीच करत नाही आणि आईच त्याला तोंडात धरून नेते, ईश्वराने माणसाला तारणे यांपैकी कोणत्या प्रकारचे, याविषयी ‘मर्कटकिशोर’ आणि ‘मार्जारकिशोर’ हे दोन न्याय तेथे रूढ झाले. लूथर निःसंशय दुसऱ्या पक्षाचा. ख्रिस्ती जगात या वादापायी चर्च दुभंगले, आणि ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे लूथरन व कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या करून जुने परस्परनिषेध आजच्या शिकवणीला लागू होत नाहीत असे मान्य करेपर्यंत साडेचार शतके लोटली.

सर्व काही देणगीच असेल तर माणसाने हातपाय का हलवावेत, हा आक्षेप पौलाच्या काळापासून घेतला जात आहे. त्याचे उत्तर तर्कापेक्षा एखाद्या जीवनात अधिक स्पष्ट दिसते, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर ते पंडिता रमाबाईंच्या जीवनात दिसते. अनंतशास्त्री डोंगरे यांच्या या कन्येचे बालपण तीर्थयात्रांत आणि पुराणवाचनात गेले. १८७० च्या दशकातील दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. व्रते, उपास, दानधर्म यांपैकी काहीही करायचे त्या कुटुंबाने बाकी ठेवले नव्हते. स्त्रीला स्त्री म्हणून मोक्षाचा अधिकार नाही, हे आपल्या शास्त्राध्ययनातून हाती आलेले उत्तर त्यांना जिव्हारी लागले. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला खरा, पण तेथील धर्मभगिनींनी केवळ अधिकारवाणीने सांगितलेले सिद्धान्त त्यांनी निमूटपणे स्वीकारले नाहीत, आणि त्यांचा त्याविषयीचा पत्रव्यवहार आजही विचार करायला लावतो. १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या म्हणतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे त्यांच्यापाशी ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. या काळात त्यांच्या वाचनात विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचे आत्मकथन आले. त्या पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘मृत्यूतून जीवनात’ असा होतो, आणि अनेक वर्षे धर्मोपदेश करूनही हॅस्लमला स्वतःच्या तारणाची खात्री नव्हती, ही त्यातील कबुली रमाबाईंना आपलीच वाटावी यात नवल नाही. जसे आहोत तसे, कसलीही पात्रता न मिळवता ख्रिस्तापाशी जायचे आहे, हे त्यांना पटले ते त्यानंतर.

आक्षेप खरा असता तर येथून पुढे त्यांचे काम मंदावायला हवे होते. घडले ते उलट. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना व स्त्रियांना घेऊन आल्या. केडगावच्या माळावर उभ्या राहिलेल्या मुक्ती सदनात हाडांचे सापळे झालेल्या या देहांना अन्न, औषध, अक्षरे आणि हाताला काम मिळाले. ज्याला स्वतःच्या तारणाचा हिशेब जुळवायचा असतो, त्याच्या लेखी दुसऱ्याची भूक ही नकळत पुण्याची संधी होऊन बसते. तो हिशेब ज्याच्यापुरता मिटला आहे, त्याला ती भूक भूक म्हणून दिसते. लूथरने १५२० साली ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर लिहिलेल्या छोट्या ग्रंथाचा आशयही हाच होता.

केडगावात देहाची जी कदर झाली, तिचा संबंध ख्रिस्ती परलोककल्पनेशी आहे. आत्मा स्वभावतः अमर असून मृत्यू म्हणजे त्याची देहातून सुटका, ही कल्पना प्लेटोची. अनेक ख्रिस्ती लोकांनाही ती आपलीच वाटते. ऑस्कर कुलमान या अभ्यासकाने १९५५ च्या एका व्याख्यानात दोन मृत्यू शेजारी ठेवून हा फरक उलगडला : सॉक्रेटिस शांतपणे विषाचा पेला घेतो, येशू गेथशेमानेच्या बागेत मरणाच्या कल्पनेने व्याकूळ होतो. नव्या करारात मृत्यू हा मित्र नाही, तो शेवटचा शत्रू आहे; त्यामुळे तेथील आशा आत्म्याच्या अंगभूत अमरत्वावर उभी नसून पुनरुत्थानावर, म्हणजे देवाने अखंड माणसाला नव्या देहासह पुन्हा उठवण्यावर, उभी आहे. शुभवर्तमानांतील उठलेला येशू शिष्यांसमोर भाजलेला मासा खातो, थोमाला आपले व्रण दाखवतो. त्या नव्या देहावरून जखमांच्या खुणा पुसल्या गेलेल्या नाहीत. अमर आत्म्याला कोणी वाचवण्याची गरज नसते. मेलेल्याला असते, आणि तो स्वतः त्यासाठी काहीच करू शकत नाही. विश्वासाने तारण हा सिद्धान्त येथे आपल्या अखेरच्या टोकाला पोचतो.

मृत्यू आणि अंतिम पुनरुत्थान यांच्या मधल्या काळाविषयी ख्रिस्ती परंपरेत एकमत नाही. लूथर त्या अवस्थेविषयी अनेकदा निद्रेच्या भाषेत बोलला, तर धर्मसुधारक कॅल्विनने आत्मा निद्रिस्त असतो या मताचे खंडन करणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पर्गेटरीची शिकवण प्रॉटेस्टंट पंथ नाकारतात. पण वसईत किंवा गोव्यात २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनी, आप्तांच्या कबरींवर मेणबत्त्या लावून प्रार्थना करणाऱ्या कॅथलिक कुटुंबांचे प्रेम या नकाराने खोटे ठरत नाही. क्षमापत्रांच्या बाजाराने कलंकित केले ते याच प्रेमाला. ज्यांच्या कानावर ख्रिस्ताचे नाव कधी गेलेच नाही त्यांचे काय, हा प्रश्न यापेक्षा कितीतरी जड आहे. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, आपला दोष नसताना ख्रिस्ताला न ओळखणारा पण मनापासून देवाचा शोध घेणारा माणूसही तारणाला मुकतोच असे नाही, ही भूमिका घेतली. ती अनेक प्रॉटेस्टंट धर्मचिंतकांना मान्य नाही. तरीही कृपा जर खरोखर देणगी असेल, तर तिची हद्द घेणाऱ्यांनी आखू नये, हेच अधिक सुसंगत वाटते.

पुनरुत्थानावरील सर्वांत विस्तृत विवेचन करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात आहे, आणि त्याचा शेवट कसा होतो याकडे फारसे लक्ष जात नाही. मृत्यूच्या पराभवाची घोषणा करून झाल्यावर पौल स्वर्गाचे वर्णन करत नाही. तुमचे श्रम व्यर्थ नाहीत, तेव्हा कामाला लागा, असे तो वाचकांना सांगतो. पुढचा अध्याय उघडतो तो यरुशलेममधील गरजूंसाठी जमवायच्या वर्गणीने : प्रत्येकाने आठवड्याच्या पहिल्या दिवशी, आपापल्या मिळकतीच्या मानाने, काहीतरी बाजूला काढून ठेवावे.