पवनचक्कीची शाकारणी

कौलारू घर पावसाळ्यापूर्वी शाकारून घेण्याची रीत आता विरळ झाली आहे. कौले उतरवायची, फुटकी निवडून बाजूला काढायची, वासे तपासायचे आणि मृगाच्या आत सगळे पुन्हा चढवायचे, असा तो उद्योग. स्लॅबची घरे आली, शाकारणी गेली आणि तिच्याबरोबर तो सुरेख शब्दही वर्गात अर्थ सांगण्यापुरता उरला. आमचे घरही स्लॅबचेच. तरीही दर मे महिन्यात आमच्या परसात शाकारणी होते, ती पवनचक्कीची.

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. यंत्राशी आमचा संबंध येण्याचे तसे कारण नव्हते. ही चक्की अण्णांची. अण्णा म्हणजे आमच्यापैकी एकाचे वडील आणि दुसऱ्याचे सासरे. 2008 साली त्यांनी ती सूस येथील घरामागे बसवली. 2006 साली पुण्यातील कारखान्यांनी आपले जनित्रसंच चालवून शहराचे भारनियमन टाळण्याची योजना अंमलात आणली, तिचे त्या वेळी मोठे कौतुक झाले होते. पण सूस तेव्हा शहराच्या हद्दीबाहेर होते (महापालिकेत ते 2021 साली आले) आणि आमच्याकडे वीज तासन् तास जात असे. महाऊर्जेच्या योजनांतून पवन-सौर संकरित संच बसवले जात होते. निवृत्त अण्णांना एवढे निमित्त पुरेसे झाले. एक किलोवॉटची चक्की, छतावर चार सौर तावदाने, जिन्याखाली बॅटऱ्या.

एक किलोवॉट हा आकडा मात्र जपून वाचावा. सेकंदाला अकरा-बारा मीटर वेगाचा वारा वाहील तेव्हा ती तेवढी वीज देणार. वाऱ्यातील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांशावर येते. आषाढात आमची चक्की महिन्याला पन्नासेक युनिटे देई, मार्गशीर्षात जेमतेम दोन-चार. पुढे पश्चिमेला अकरा मजली इमारती उभ्या राहिल्या. आता वारा त्यांना वळसा घालून भोवऱ्यांसारखा येतो. चाक दिशा शोधत गरगरते आणि आषाढातील वीजही निम्म्याखाली आली आहे. झीज तेवढी वाढली.

शाकारणी करायची ती अशी. प्रथम जनित्राच्या तिन्ही तारा खाली एकमेकींना जोडायच्या. त्यामुळे चाकाला विद्युत्-अवरोध होतो आणि ते मंदावते. वारा पडलेली सकाळ निवडायची. खांब बारा मीटरचा, बुडाशी बिजागरीवर बसवलेला. एका बाजूची ताणाची तार सोडून चेनपुलीने तो इंच इंच आडवा करायचा. याला चार माणसे लागतात आणि त्यांपैकी एकानेच बोलायचे असते. मग पात्यांच्या कडा, बेअरिंगचे ग्रीस, कार्बन ब्रश, तारांवरचा गंज. बॅटऱ्यांचे काम बारमाही: डिस्टिल्ड वॉटर, हायड्रोमीटर, टोकांवरची पांढरट-हिरवी बुरशी. बॅटऱ्यांचा हा तिसरा संच.

यंत्रात आम्हाला सर्वांत भावलेला भाग म्हणजे शेपटी. ती चाकाला वाऱ्यासमोर धरते, हे कुणालाही दिसते. तिचे दुसरे काम अधिक महत्त्वाचे. चाक खांबाच्या अक्षापासून किंचित बाजूला बसवलेले असते. वादळी वाऱ्याचा दाब त्याला कडेला ढकलतो, शेपटी आपल्या बिजागरीवर दुमडते आणि चाक वाऱ्यापासून तोंड फिरवते. वारा ओसरला की शेपटी स्वतःच्या वजनाने जागेवर येते. ही बिजागरी गंजून अडकली तर चक्की वादळातही वाऱ्याला सामोरी राहील आणि पाते तुटून कुठे जाईल ते सांगता येणार नाही.

गेल्या मे महिन्यात त्या बिजागरीची पितळी बुशे अंडाकृती झालेली आढळली. चक्की बसवणाऱ्या कंपनीचा दूरध्वनी केव्हाच बंद झाला आहे. बेअरिंगवर क्रमांक कोरलेला असतो, ते कुठेही मिळते. डायोड बुधवार पेठेत मिळतात. बुशे मात्र लेथवर करून घ्यावी लागली. लेथवाल्याने मापे घेतली आणि विचारले, “सर, हिची वीज किती, खर्च किती?” हिशेब आम्हाला पाठ होता. दुरुस्तीच्या पैशात त्या विजेच्या कित्येक पट वीज महावितरणकडून मिळाली असती. शिवाय 2024 पासून ‘पीएम सूर्यघर’ योजनेत छतावरील सौर संचाला अनुदान आहे, त्याला सर्व्हिसिंगची कटकट फारशी नाही. साताऱ्याच्या पठारावरील मोठ्या पवनचक्क्या म्हाताऱ्या झाल्या, तर त्यांच्या जागी नव्या उभारण्यासाठी केंद्राचे धोरण 2016 सालापासून आहे. घरामागच्या चक्कीने कुठे पाहावे?

मग ती आम्ही का ठेवली? अण्णांची आठवण, हे उत्तर लोक आमच्या वतीने देऊन टाकतात. ते अर्धेच खरे आहे. ‘निगा’ हा शब्द फारसी ‘निगाह’वरून आला, म्हणजे मुळात नुसती नजर. चक्कीमुळे आमची नजर आकाशाकडे गेली. मतलई वारा आणि खारा वारा हे शब्द आम्ही वर्षानुवर्षे शिकवले. नैर्ऋत्येचा वारा मेअखेरीस कोणत्या दिवशी ठरतो, हे आम्ही शेपटीकडे पाहून शिकलो. ही शिकवणी आम्हाला मोलाची वाटते. पण तिचा खर्च आमच्यापुरता असावा. कुंपणापलीकडे आता मुले खेळतात.

म्हणून या वर्षी आम्ही एक मर्यादा ठरवली: मे महिन्यात खांब उतरवायला चार माणसे जमेनाशी झाली, की चक्की उतरवून ठेवायची. वर चढून दुरुस्ती करायची नाही, एक वर्ष तशीच चालू द्यायची नाही. अण्णांनी स्थिर मनोरा नाकारून बिजागरीचा खांब घेतला होता, तो अधिक महाग असूनही. त्यामागे हाच विचार असावा, असे आम्हाला वाटते.

यंदा चौथा माणूस शेजारच्या इमारतीतून आला, अकरावीतील एक मुलगा. त्याने कार्बन ब्रश हातात घेतला आणि हे पेन्सिलीचे शिसे आहे का, असे विचारले. जवळजवळ तेच, असे आम्ही सांगितले. नवी बुशे बसली, खांब साडेदहाला उभा राहिला. वारा दुपारी तीननंतर आला.