एकसारखे बारा ग्लास

बदलीनंतर सामान उघडताना काचेचं खोकं कायम माझ्या वाट्याला येतं. बांधलेलंही मीच असतं, त्यामुळे फुटलं तर दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न उरत नाही. नवा रायपुरच्या घरात ते उघडलं, तेव्हा सहा कूपपैकी दोन शाबूत निघाले आणि मार्टिनीच्या चार ग्लासांपैकी एक. जाड बुडाचे व्हिस्कीचे ग्लास मात्र आठच्या आठ. लांब दांडीचं काहीही माझ्या हातून दोन बदल्यांच्या वर टिकलेलं नाही.

बायको म्हणाली, "आता एकदाचे नवे घे. आणि या वेळी विचार करून घे."

त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता. त्याकडे येतोच.

घरी कॉकटेल करायची हौस लागली की माणूस आधी ग्लासांच्या मागे लागतो. मीही लागलो होतो. प्रत्येक आकारामागे कारण असतं, हे खरं आहे. कूप म्हणजे उथळ वाटीसारखा, दांडीचा ग्लास. बर्फात हलवून गाळून घेतलेलं पेय त्यात देतात. त्यात बर्फ नसतो, म्हणून हाताची ऊब लागू नये यासाठी दांडी. साठ मिली जिन, त्यात तीसेक मिली लिंबू आणि साखरेचा पाक धरला, तर हलवताना वितळलेल्या पाण्यासकट पेय होतं साधारण 110 ते 120 मिली. म्हणजे दीडशे मिलीचा कूप पुरेसा. दुकानात मिळणारे मार्टिनीचे ग्लास बरेचदा अडीचशे-तीनशे मिलीचे असतात. त्यात योग्य माप तळाशी बसल्यासारखं दिसतं, यजमानाला लाज वाटते आणि तो भरत सुटतो. पाहुणा दोनच घेतो, पण चार घेतल्यासारखा घरी जातो.

हायबॉल म्हणजे उंच, अरुंद, तीनशे मिलीचा. सोड्याचा बुडबुडा पृष्ठभागावरून उडतो. तोंड अरुंद असेल तर तो जास्त वेळ राहतो. रायपुरात मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा हा ग्लास गच्च बर्फाने भरावा. बर्फ थोडा टाकला तर तो झपाट्याने वितळून सगळं पाणचट करतो. अनेकांना हे उलट वाटतं.

तांब्याच्या मगांचीही मध्ये टूम आली होती. त्यात लिंबू घालून पेय देणाऱ्यांना कुणाच्याच आजीने दटावलेलं दिसत नाही. ताक पितळेत कळकतं, मग लिंबू तांब्यात काय करेल? आतून स्टीलचं अस्तर असेल तर घ्यावा, नाहीतर शोभेला ठेवावा.

एवढं सगळं मला मागच्या ठिकाणीही माहीत होतं, आणि त्याचाच मला तोरा होता. तिथे एका शनिवारी घरी सात-आठ जण जेवायला होते. त्यात माझा एक ज्युनियर होता. त्याने आठ महिन्यांपूर्वी दारू सोडली होती. का सोडली, हे युनिटात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. मी प्रत्येकाला त्याच्या पेयाला शोभेल असा ग्लास दिला. ग्लास संपले. त्याचं लिंबू सरबत मी स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या पेल्यात आणलं आणि देताना वर म्हणालो, "हे आमच्या ब्रह्मचाऱ्याला."

सगळे हसले. तोही हसला. मग जो येईल तो त्या पेल्याकडे बघून त्याला विचारू लागला. तासाभराने तो माझ्याजवळ आला. "सर, मलाही बनवा एक."

मी बनवला. तेवढ्यात रिकामा झालेला कूप धुऊन, फ्रीजरमध्ये गार करून, लिंबाची साल पिळून. त्याच्या बायकोने हातातली ताटली खाली ठेवली, हे मला दिसलं होतं. तरी मी बनवला. पुढचं वर्ष त्या दोघांनी कसं काढलं ते सांगायचा हक्क त्यांचा आहे, माझा नाही.

तर गोल बाजार. नवा रायपुरहून जुन्या शहरात वीसेक किलोमीटर. काचेच्या भांड्यांच्या एका दुकानात मालकाने विचारलं, "साहब, पार्टी के लिए चाहिए कि घर के लिए?" मी म्हटलं, बारा हायबॉल, सगळे एकाच जातीचे. त्याने दांडीचे चार नमुने काढून ठेवले होते, ते परत आत गेले. बस्तरच्या हाटात मोहाची दारू पानाच्या द्रोणात देतात. सगळ्यांना तेच पान, पिऊन झालं की फेकून द्यायचं. मला तसं काहीतरी हवं होतं, फक्त धुता येण्याजोगं.

पण एकसारख्या ग्लासांची एक अडचण आहे आणि ती लहान नाही. जिन-टॉनिक आणि लिंबू-सोडा ओळीने ठेवले तर दिसायला तंतोतंत सारखे. अदलाबदल झाली तर ज्याने सोडली आहे त्याच्यासाठी तो एक घोटही महाग. म्हणून आता बिनदारूचं आधी बनवतो, बाटली उघडण्यापूर्वी. वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतो आणि त्यात पुदिन्याचा तुरा. दारूच्या ग्लासात पुदिना कधीच नाही, भले कृतीत असो. मोहितो आमच्याकडून हद्दपार झाला.

गेल्या महिन्यात तो कामानिमित्त रायपुरला आला. पुन्हा सोडून चौदा महिने झाले होते. फोनवर म्हणाला, "सर, जेवायला येतो." बाकी तीन जण होते. मी कोकम-सोडा केला आणि पुदिन्याचे दोन ग्लास भरले, एक त्याला, एक मला. पुदिन्याचं त्याला हळूच सांगितलं. त्याने मान डोलावली. तरी ग्लास आधी नाकाशी नेला, मग माझ्याकडे न बघता एक घोट घेतला.

"मीठ कमी आहे, सर," तो म्हणाला.

खरंच कमी होतं.