ताजं हवं की चोरीस?

"तुमकां ताजें जाय, काय चोरीस?" हरमलच्या आंटीनं विचारलं आणि मी यवतमाळचा माणूस, विचार न करता म्हणालो, "ताजंच!" आमच्याकडे मटण सकाळी आणायचं आणि दुपारी रस्सा ओरपायचा. रात्री उरलं तर नाकं मुरडतात.

मला इथवर आणणारा डिचोलीचा मित्र गालातल्या गालात हसला. त्याच्या घरी डुकराचं मांस उंबरा ओलांडत नाही; पण ते कसं करावं हे मात्र त्याला तोंडपाठ. बार्देसनंतर जवळपास अडीचशे वर्षांनी, १७८८ साली, हरमलचा हा पेडणे तालुका पोर्तुगिजांच्या हाती लागला. तोवर बाटवाबाटवीचा जोर ओसरला होता. म्हणून या बाजूला देवळं जागच्या जागी राहिली आणि शेजाराला अधूनमधून असं एखादं किरिस्तांव घर. नाताळात त्या घरून मित्रांकडे नेवऱ्या आणि दोदोल जातं, मांस नाही.

चुलीवरच्या दांडीला चोरिसांच्या माळा लटकत होत्या. आमच्याकडे दसऱ्याला झेंडूच्या असतात तशा! अंगठ्याच्या पेराएवढे लालभडक मणी, मधे दोऱ्याच्या गाठी. आंटीनं एक मणी दाबून दाखवला. धुरानं साल कडक झालेली, आत चरबीचे पांढरे ठिपके. मीठ, लसूण, माडाच्या सुरेचं व्हिनेगर आणि हरमलचीच मिरची. या मिरचीला आता जीआय मानांकनही आहे. हे सगळं मांसाला चोळून मुरवायचं, आतड्यात भरायचं, उन्हात वाळवायचं. ही माळ दिवाळीतली. मांसाचं लोणचं! मला तर ऐकूनच कसंसं झालं.

तर, ताजं. तारीख २२ डिसेंबर. सकाळीच आणलेलं मांस आणि काळीज आंटीनं आधी उकडलं. मग नखाएवढे तुकडे चिरत बसली, तासभर. ते चरबीत परतले, वाटलेला मसाला आणि पुन्हा तेच व्हिनेगर. सोरपोतेल. वासानं माझी भूक खवळली. विंदालूतला 'आलू' बटाटा नव्हे, पोर्तुगीज 'आल्यु' म्हणजे लसूण, हे मित्राचं प्रवचन मी ताटाकडे डोळे लावून ऐकलं.

आंटीनं हंडीवर झाकण ठेवलं.

"आंटी, वाढताय ना?"

"आज न्हय, पुता. नाताळाक."

"पण हे ताजं ना?"

"ताजेंच. तीन दीस रावूंक जाय." रोज एक उकळी द्यायची, की व्हिनेगर आत उतरतं, आज खाल्लं तर नुसतं आंबट लागेल. एवढं सांगून ती सान्नांचे तांदूळ भिजवायला गेली.

माझं विमान मोप्याहून २४ तारखेला सकाळी. निघताना आंटीनं माळेतले सहा मणी तोडले, साल काढून कांद्यावर टाकले. तेल नाही, मीठ नाही. तांबडं तूप सुटलं तसा उंडो पाव चिरून त्यात ते भरले आणि तो कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. तो विमानतळापर्यंतही पोचला नाही.