निवडक फोटो, निवडक आकडे

गेल्या जानेवारीतल्या एका रविवारी पहाटेच भिगवणजवळच्या कुंभारगावला गेलो होतो. उजनी धरणाच्या बॅकवॉटरवर हिवाळ्यात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो येतात. दवाखान्याला सुट्टी आणि हातात कॅमेरा, माझ्यासाठी यासारखं दुसरं टॉनिक नाही.

नावाड्याने थव्यापासून बरंच लांब इंजिन बंद केलं. "सर, आपण त्यांना उठवायचं नाही. त्यांच्या मनानं उठतील, तेव्हा घ्या फोटो."

पाऊण तास बसून राहिलो. मग कडेचे काही पक्षी वाऱ्याकडे तोंड करून पाण्यावर धावू लागले. एवढा मोठा पक्षी, धाव घेतल्याशिवाय त्याला उडता येत नाही. वर गेल्यावर मान पुढे, पाय मागे, सगळं एका रेषेत. पंख उघडले की गुलाबी-लाल रंग आणि काळी किनार दिसते. शटर १/२००० सेकंदावर ठेवून मी बटण दाबूनच धरलं.

घरी येऊन पाहिलं तर ६४० फोटो. कशात मान कापलेली, कशात पंख धूसर, कशात नुसतंच पाणी. ते सगळे पुसले, सात ठेवले. मग कॉम्प्युटरवर क्षितिज सरळ केलं. पांढऱ्या पिसांवरचा जास्तीचा उजेड उतरवला, तशी पिसं वेगवेगळी दिसू लागली. एका कोपऱ्यात शेजारच्या पक्ष्याचा अर्धा पंख आला होता, तोही काढून टाकला. फोटो देखणा झाला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. दुसऱ्या हातात माझी बीपीची वही आणि मशीन. काही दिवसांपूर्वी दवाखान्यात सहज मोजलेलं बीपी जास्त निघालं होतं, म्हणून मी घरी मोजत होतो. वहीत होतं १२८/८०, १३०/८२, १२६/८०. तिने मशीनचं मेमरीचं बटण दाबलं. तिथे १५२/९४ होतं, १४८/९२ होतं, १५०/९६ होतं.

"हे वहीत का नाहीत?"

"त्या रात्री झोप झाली नव्हती. आणि ते जिना चढून आल्या आल्या मोजलं होतं."

"पेशंट असं म्हणाला तर त्याला काय सांगता?"

मी गप्प बसलो. समोर सात फोटो होते, आणि पुसलेले ६३३ मला आठवत होते.

फोटो निवडण्यात काही चूक नाही. सगळ्यात चांगला क्षण दाखवणं हाच तिथे हेतू असतो. बीपीच्या वहीचं काम उलटं आहे. तुमच्या रक्तवाहिन्या, हृदय आणि किडनी रोज किती दाब सोसतात, हे तिने सांगायचं असतं. नको तो आकडा वहीतून गेला तरी दाब जात नाही. उच्च रक्तदाबात बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे ही वही हाच मोठा पुरावा असतो.

घरी मोजताना एवढं करा:

- अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू नको. लघवीला जाऊन या.
- पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं शांत बसा. बोलू नका.
- पट्टा उघड्या दंडावर बांधा, हात हृदयाच्या पातळीवर टेकवा.
- सकाळी आणि संध्याकाळी, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा.
- सात दिवस मोजा. आलेला प्रत्येक आकडा लिहा.

पहिल्या दिवसाचे आकडे वगळून उरलेल्यांची सरासरी काढतात. हे वगळणंही आधीच ठरलेल्या नियमाने होतं, आकडा आवडला नाही म्हणून नव्हे. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल, तर डॉक्टरांना भेटा. आकडा १८०/१२० च्या पुढे असून छातीत दुखणं, धाप, बोलताना अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं असं काही असेल, तर सात दिवस थांबू नका, लगेच हॉस्पिटल गाठा.

मीही नियमाने सात दिवस मोजलं. सरासरी १४४/९० आली. स्वतःचा इलाज स्वतः करायचा नाही, म्हणून एका सहकारी डॉक्टरांना वही दाखवली. तपासण्या झाल्या, जेवणातलं मीठ कमी झालं आणि गोळी सुरू झाली.

रोहितांचा तो फोटो आता दवाखान्यात लावला आहे. त्याच्या खालच्या टेबलावर बीपीचं मशीन असतं. वही घेऊन आलात, तर मशीनही बरोबर आणा. मेमरीचं बटण मी दाबणार आहे.