थांबणारा पंप
विहिरीवर मोट होती, तेव्हा मोट रिती वर येऊ लागली की आमचे आजोबा बैल सोडीत. विहिरीला तेवढाच विसावा!

आता सौरपंप बसला. विजेच्या पाळीसाठी मध्यरात्री विंचूकाट्याच्या वाटेने शेतावर जाणे सुटले. पण उन्हाला काय ठाऊक, खाली पाणी किती उरले? चैत्रात ऊन भरात नि विहीर तळाला. पाणबुडी मोटरीचे अंग पाण्यानेच थंड राहते. कोरडी फिरली की जळालीच. म्हणून कोरडेपणा ओळखून पंप थांबविणारा नियंत्रक बसविला. टाकी भरताच तरंगता गोळाही त्याला थांबवतो. वळवातल्या विजेसाठी वीजरोधक उभा केला.

यंत्र थांबायला शिकले. ऊन फुकट असले, तरी पाणी फुकट नव्हे; उपसा किती करावा, हे मात्र अजून आम्हांलाच ठरवायचे आहे.