गिरमिट आणि विमान

ओझर म्हटले की लोकांना विमाने आठवतात. १९६४ साली स्थापन झालेला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना येथेच. येथे मिग झाली, सुखोई झाली. त्या गर्जनेखालीच आमचे सुतारकामाचे छप्पर आहे. ‘विमान म्हणजे शिकलेल्यांचं काम,’ असे अण्णा नेहमी म्हणतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. म्हणून त्या शिकलेल्यांत त्यांनी मला आताच बसवून टाकले आहे!

पण विमान घरीही बांधता येते. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी घराच्या गच्चीवर बांधलेले विमान २०१६ साली प्रदर्शनात मांडले होते. परदेशांत हौशी लोक लाकडाचीही विमाने बांधतात. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली ज्या पस मॉथमधून कराचीहून मुंबईला टपाल आणले, तिचे पंखही लाकडीच होते. अशा लाकडात बोल्ट कसे बसवतात, हे वाचून मी अण्णांना विचारले, “अण्णा, लाकडात बोल्ट बसवताना तुम्ही काय बघता?”

रंधा न थांबवता ते सांगू लागले. भोक सरळ हवे. बोल्ट त्यात नेमका बसावा. सैल राहिला तर हादऱ्यांनी भोक वाढत जाते. पलीकडून लाकडाचा तुकडा लावून मगच गिरमिट चालवावे, नाहीतर ढलप्या निघतात. टोकाच्या फार जवळ भोक पाडू नये, लाकूड उकलते. नटाखाली मोठा वायसर घालावा. “अन् आवळावं, पण चिरडू नये. उन्हाळ्यात लाकूड आटतं. तेव्हा पुन्हा पाना लावून बघावं.”

पुस्तकात नेमके हेच होते! भोकाला आतून व्हार्निश लावून ओल अडवावी, आणि लाकडाचा भार बोल्टच्या आट्यांवर न येता गुळगुळीत दांड्यावर यावा, एवढेच अधिक. मी तसे सांगताच रंधा थांबला. “व्हार्निशचं बरोबर आहे,” अण्णा म्हणाले. “आम्ही तेल लावायचो.”

अण्णांनी मला गिरमिट कधी हाती दिले नाही. ‘तू वही धर,’ म्हणत आले. त्यांच्यामागे हे सांगणारे आमच्या घरात कोणी उरणार नाही, आणि माझ्या कोणत्याही पेपरात ते विचारले जाणार नाही. म्हणून, वही धरणाऱ्याचे काम समजून, येथे उतरवून ठेवले आहे.